पेंढा कुणाचा?

नोकरी सोडून गावी शेती करायचे स्वप्न बघणाऱ्या इंजिनियरच्या टेबलावर एक पुस्तक हमखास सापडते: मासानोबू फुकुओका यांचे 'एका काडातून क्रांती'. मराठीत नसेल तर इंग्रजीत, तेही नसेल तर फोनमधल्या पीडीएफमध्ये. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात मी ते चार जणांकडे तरी पाहिले आहे. पुस्तक आहेच तसे. पातळ, प्रसन्न, थोडे खट्याळ, आणि वाचून झाल्यावर आपल्या अंगात काहीतरी सोडून द्यायचे धैर्य आले आहे असे वाटायला लावणारे. मला ते आवडते. पण गेली दोन वर्षे मी ते खारेपाटणला आमच्या घरी, फाल्गुन-चैत्रात, म्हणजे कोकणात पुढच्या भाताची तयारी सुरू होते त्या दिवसांत वाचतो आहे, आणि दर वेळी एकाच शब्दाशी अडतो. तो शब्द शीर्षकातच आहे. काड.

आमच्याकडे काड म्हणत नाहीत. पेंढा म्हणतात, घरात तर नुसते 'गवत'. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून झाले की या गवताच्या पेंढ्या बांधून रचून ठेवायच्या आणि पावसाळ्यात गुरे गोठ्यात अडकली की ती पुरवून पुरवून घालायची. फुकुओकांचा सगळा डोलारा उभा आहे तो हा पेंढा न कापता, न कुजवता, जसाच्या तसा शेतात परत पसरण्यावर. भाताचा पेंढा जवावर, जवाचा भातावर. त्याखाली माती ओली राहते, तण दबते, काड कुजून खत होते. मी हे आजीला समजावून सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "गवात शेतात पसरलंस तर गोरवां पावसात काय खातली?"

हा प्रश्न अडाणी नाही. मला तर तो या पुस्तकावरचा सगळ्यात नेमका आक्षेप वाटतो. फुकुओकांच्या शेतात गुरांना जवळजवळ जागा नाही. बदके आणि कोंबड्या येतात, दावणीचे गुरू येत नाही. ज्या घरात दोन बैल, एक गाय आणि एक पाडा आहे, तिथे पेंढ्याच्या प्रत्येक मुठीवर आधीच कुणाचा तरी हक्क लागलेला असतो. शेणाच्या रूपाने तो पेंढा शेतात परत जातोच, फक्त मधे एका पोटातून जातो आणि वाटेत थोडे दूध, थोडी नांगरट देऊन जातो.

फुकुओकांची कथा थोडक्यात सांगतो. वनस्पतिरोगांचा अभ्यास केलेला तरुण योकोहामाच्या कस्टम्समध्ये रोपांची तपासणी करायच्या नोकरीत असतो. पंचविशीत आजारी पडतो, बरा होतो, आणि एका पहाटे बंदराजवळच्या टेकाडावर त्याला साक्षात्कार होतो की माणसाचे ज्ञान आणि खटपट सगळे व्यर्थ आहे. नोकरी सोडून तो शिकोकू बेटावरच्या वडिलांच्या शेतावर जातो आणि 'काहीच न करण्याची शेती' शोधू लागतो. आधी संत्र्यांची झाडे मरतात, कारण छाटणीची सवय लागलेल्या झाडांना एकदम मोकळे सोडून चालत नाही. पण पंचवीस-तीस वर्षांत नांगरणी नाही, खत नाही, फवारणी नाही अशी भातशेती उभी राहते. जपानी पुस्तक १९७५चे, इंग्रजी १९७८चे. १९८८मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातला साक्षात्कार पानभर आहे, पण पुस्तकाचा सांगाडा तोच. नोकरी, आजारपण, पहाट, परत येणे. हा साचा नंतर इतक्या जणांनी वापरला आहे की 'परतीचे पुस्तक' असा एक वाङ्मयप्रकारच मानायला हरकत नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि यूट्यूबवर तो रोज भेटतो: अमक्या पॅकेजची नोकरी सोडली, गावी आला, गायी घेतल्या, माती जिवंत झाली. नायक बहुधा पुरुष, बहुधा इंजिनियर. (दापोलीजवळ कुडावळ्यात राहणाऱ्या दिलीप कुलकर्णी यांचे 'निसर्गायण' या रांगेत बसत नाही. ते पुस्तक गरजा कमी करण्याबद्दल आहे आणि त्यावर वेगळे लिहायला हवे.)

या साच्यात एक गोष्ट कायम गाळली जाते. नायक परत येतो तेव्हा जमीन तिथे त्याची वाट पाहत असते. ती कुणाच्या नावावर आहे, किती तुकड्यांत आहे, तो शहरात असताना ती कोण कसत होते, हे कथेत येत नाही. फुकुओकांच्या बाबतीत हे फार ठळक आहे. युद्धानंतर जपानमध्ये अमेरिकन अंमलाखाली जमीन सुधारणा झाली आणि त्यांच्या वडिलांची बहुतेक भातजमीन कुळांकडे गेली. विसाव्या शतकातल्या मोठ्या जमीनवाटपांपैकी हे एक, आणि ते या लेखकाच्या घरातच घडले. पुस्तकाच्या तत्त्वज्ञानावर त्याचा ओरखडाही दिसत नाही. डोंगरावरच्या मातीच्या झोपड्यांत राहून काम करणारी तरुण मुले दिसतात, निसर्गाने दिलेल्या अन्नाचे मंडल रेखाटलेले दिसते, पण ते अन्न शिजवणारे घरचे माणूस जवळजवळ दिसतच नाही.

आमच्या सात-बाऱ्यावर एकोणीस नावे आहेत. त्यातले सहा जण हयात नाहीत, आठ जण मुंबई-ठाण्यात, एक बहीण बडोद्याला. कोकणात हे काही विशेष नाही. अशा जमिनीवर साक्षात्काराचा फारसा उपयोग होत नाही, सह्या लागतात.

हवामानाचा मुद्दा लवकर उरकतो. शिकोकूमध्ये भात निघाल्यावर त्याच शेतात जव येते, कारण तिथे वर्षभर थोडाथोडा पाऊस असतो. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग नोव्हेंबर ते मे जवळजवळ काही नाही. जांभ्याच्या जमिनीतून पाणी चाळणीतून जावे तसे जाते. भातानंतर उरलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी, वाल एवढेच येते, तेही सखल कुणग्यांत. त्यानंतर रान मोकळे होते आणि गावभरची गुरे कुणाच्याही शेतात चरतात. फुकुओकांचे बारमाही हिरवे क्लोव्हर इथे चैत्रापर्यंत टिकणार नाही, आणि टिकलेच तर शेजाऱ्याची म्हैस ते टिकू देणार नाही. मोकाट चराईला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्या चार महिन्यांत शेतात शेण पडते ते तिच्यामुळेच.

मग इथली माती इतकी वर्षे टिकली कशी? याचे उत्तर याच दिवसांत डोळ्यांना झोंबते. शिमगा सरला की भाजावळ सुरू होते. झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडून, म्हणजे कवळ तोडून, वाळवायची. तरवा जिथे पेरायचा त्या तुकड्यावर कवळ, पातेरा, शेणाचा थर, वर गवत, वर माती असे रचून संथपणे जाळायचे. उत्तर कोकणात यालाच राब म्हणतात. मातीतले तणाचे बी जळते, राख मिळते, रोप जोमाने येते. नव्या पुनरुज्जीवी शेतीच्या कोणत्याही व्हिडिओत ही गोष्ट पहिल्या मिनिटाला गुन्हा ठरते: जाळू नका, कार्बन जातो. खरे आहे, जातो. वणवा लागून काजूच्या बागा जातात तेही खरे. पण भाजावळीला विरोध करणाऱ्यांनी तिच्यामागची व्यवस्था तरी आधी वाचावी.

ती व्यवस्था अशी, की भाताचा एक कुणगा एकटा कधीच नसतो. त्याच्यामागे डोंगरउताराची वरकस जमीन असते. तिथून कवळ येते, पातेरा येतो, चारा येतो, काही वर्षांनी एकदा नाचणी-वरी निघते. खालच्या शेताची सुपीकता वरच्या डोंगरातून येते, डोक्यावरून, भाऱ्याने, आणि बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावरून. इंग्रजांनाही हे कळायला वेळ लागला. जंगल खात्याने ठाणे-कुलाबा भागात फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा इतका गदारोळ झाला की १८८५मध्ये सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. पुढे वोल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडहून भारतीय शेती बघायला आला. त्याच्या १८९३च्या अहवालातही राबाची चर्चा आहे.

आता आमच्या घरातला प्रश्न. वरकस तुकड्यावर वेंगुर्ला-४ जातीचा काजू लावायचा असे मुंबईकर नातेवाइकांचे म्हणणे आहे. रोपे मिळतात, कलमे तीन-चार वर्षांत धरू लागतात, बी विकली जाते, वर्षाकाठी काहीतरी हातात येते, शिवाय झाडे लावल्याचे पुण्य. हिशेब चूक नाही. पण डोंगर काजूने भरला की कवळ नाही, चारा नाही, म्हणून गुरे नाहीत, म्हणून शेण नाही, आणि दोन-तीन वर्षांत खालचे कुणगे एक तर युरियावर जातील नाही तर पडीक. झाडे वाढतील, हिरवळ वाढेल, उपग्रहातून बघणाऱ्याला सगळे छान दिसेल, आणि घरचे भात बंद होईल.

हे सगळे कुठल्या पुस्तकात आधी सापडते असे शोधत गेलो तर हाती लागला 'शेतकऱ्याचा असूड'. महात्मा फुल्यांनी तो १८८३मध्ये लिहून पुरा केला. पहिले दोन भाग नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु'त छापले आणि पुढचे छापायला ते कचरले, हा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. आपण हे पुस्तक भटशाही आणि नोकरशाहीवरचा कोरडा म्हणून वाचतो आणि बरोबरच वाचतो. पण त्यात मातीबद्दल किती आहे ते मला या खेपेला दिसले. डोंगर-कुरणे जंगल खात्याने बळकावल्यामुळे गुरांची चराई गेली. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि गुरांचे मलमूत्र पावसाबरोबर वाहून शेतात येई आणि त्याने जमीन कसदार होई, ते थांबले. उपाय म्हणून ते बांधबंदिस्ती सांगतात, पावसाचे पाणी शेतातच मुरवायला सांगतात, नदी-तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या म्हणतात, गायराने गावांना परत करा म्हणतात. आज ज्याला पाणलोट, गाळमुक्त धरण, पुनरुज्जीवन अशी नावे आहेत त्यातले बरेचसे इथे आहे, आणि प्रत्येक कलमासमोर ते कुणी हिरावले त्याचेही नाव आहे.

फुकुओका आणि फुले यांच्यातला फरक इथे कळतो. फुकुओकांची माती एका माणसाच्या मनःस्थितीने सुधारते. फुल्यांची माती कर, कचेरी, जंगल खाते आणि कर्ज यांच्यामुळे बिघडलेली असते, म्हणून ती सुधारायची तर यांच्याशी भांडावे लागते. लेखक म्हणूनही मला फुले जास्त पटतात, कारण ते मोजतात. कुणब्याच्या घरातला एकेक जिन्नस, अंगावरचा कपडा, गोठा, चूल, असे ते ओळीने मांडतात. वाचताना कंटाळा येईल इतके. परतीच्या पुस्तकांना हा कंटाळा परवडत नाही. अर्थात फुल्यांच्या समोरचा मुलूख देशावरचा होता, आणि बांध घालायच्या कामाला पलटणीतले शिपाई लावा ही त्यांची सूचना आज जरा गमतीची वाटते. तरी मला 'असूड' हे मराठीतले पहिले मातीचे पुस्तक वाटते आणि ते त्या कपाटात कुणी ठेवत नाही.

या कपाटाचीही एक वंशावळ आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या संशोधन संस्थेत होता. खत कुजवण्याची 'इंदूर पद्धत' तिथली, आणि इथल्या शेतकऱ्यांना तो आपले गुरू म्हणत असे. त्याचे १९४०चे पुस्तक वाचून अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट रोडेल यांनी १९८०च्या दशकात 'रीजनरेटिव्ह' हा शब्द रूढ केला. आणि फुकुओकांचे इंग्रजी पुस्तक छापले तेही रोडेल प्रेसनेच. म्हणजे माळव्यातल्या शेतकऱ्याकडून निघालेली गोष्ट लंडन, पेनसिल्व्हेनिया असा प्रवास करून, जपानी पुस्तकाशेजारी बसून, पीडीएफच्या रूपाने हिंजवडीला परत आली. यात गुरूंची नावे मात्र वाटेत गळाली.

नावे गळण्याची परंपरा आमच्या गावाला नवी नाही. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराज याचे शके ९३०चे, म्हणजे इ.स. १००८चे ताम्रपट सापडले. शेजारच्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ते एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केले. त्यात एका शैव आचार्याला दिलेली गावे आहेत, परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे किती सोने द्यायचे तेही आहे. गावे दान झाली, पण गावात भात लावणारे कोण ते तांब्यावर आले नाही. पुढे कोकणावर लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या कादंबऱ्यांतही आगर, सुपारी, खोत, समुद्र भरपूर आहे, तरव्याच्या मुठी काढणारे हात त्या मानाने फार थोडे.

'अन्नसार्वभौमत्व' या शब्दाचे तेच होईल अशी भीती वाटते. शेतकऱ्यांच्या 'व्हिया कॅम्पेसिना' या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९६मध्ये तो पुढे आणला. २००७मध्ये मालीतल्या न्येलेनी इथे ऐंशीहून जास्त देशांतले पाचशेहून जास्त प्रतिनिधी जमले आणि त्यांनी त्याची व्याख्या केली: काय पिकवायचे, काय खायचे, कसे, हे ठरवायचा हक्क लोकांचा. मराठीत मात्र हा शब्द इतका जड झाला की तो बोलताच भाषण सुरू झाल्यासारखे वाटते. आमच्याकडे यासाठी एक हलका शब्द आहे, 'घरचे'. घरचे तांदूळ, घरचे कुळीथ. काका तो सिद्धान्त एका वाक्यात सांगतात: "पेज खावची आसली तर भात लावकच व्हया."

पेज उकड्या तांदळाची. जाड, लालसर. वालयसारख्या जुन्या जातीची असेल तर वासानेच कळते. रेशनवरचा तांदूळ २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्काचा झाला आणि जानेवारी २०२३पासून तो फुकट आहे. या योजनेने लाखो घरांतली भूक भागली, तिला नाक मुरडायचा मला अधिकार नाही. पण पांढऱ्या तांदळाची पेज नीट होत नाही, आणि फुकट तांदूळ दारात असताना चिखलात वाकून भात लावायला माणूस मिळत नाही. सुरक्षा आणि सार्वभौमत्व यांच्यातला फरक पोथीत शोधायला नको. तो सकाळी दहा वाजता वाडग्यात दिसतो.

बियाण्यांबद्दल राहीबाई पोपेरे यांचे नाव निघतेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंनी देशी वाणांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यावरचे मराठी लेख मी बरेच वाचले. 'बीजमाता' म्हटले की लेखकाचे हात जोडले जातात आणि प्रश्न थांबतात. कोणते वाल का ठेवले, कोणते सोडले, राख किती, मडके कुठे, कुणाला बी दिले आणि कुणाकडून परत आले, हे ज्ञान आहे आणि ते विचारल्याशिवाय मिळत नाही. पूजा केली की विचारावे लागत नाही. २००१च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखायचा, पेरायचा, बदलून द्यायचा, ब्रँडचे लेबल न लावता विकायचाही हक्क दिला आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ओपन सोर्स लायसन्ससारखे वाटेल. पण लायसन्स असून भागत नाही, कोड चालवणारा कुणीतरी लागतो.

म्हणून मला श्री. अ. दाभोळकर यांचे 'विपुलाच सृष्टी' फुकुओकांपेक्षा जास्त उपयोगी वाटते. वाचायला ते अवघड आहे. वाक्ये लांब, शब्द स्वतः घडवलेले, मधेच गणित. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवलेला हा माणूस पानाचे क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजतो, त्यावर किती ऊन पडते ते मोजतो, आणि पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत कसे जगता येईल ते मांडतो. माती बनवायची तर पालापाचोळा किती लागेल हेही मोजतो. साक्षात्कार कुठेही नाही. त्याऐवजी आहे 'प्रयोग परिवार': द्राक्षबागायतदार, शिक्षक, गृहिणी यांनी आपापल्या परड्यातले आकडे पोस्टकार्डांवर एकमेकांना कळवणे. पुस्तकाचा दोष हा, की त्यात जात आणि जमिनीची मालकी फुल्यांइतकी स्पष्ट येत नाही. दहा गुंठे आहेतच असे धरून हिशेब सुरू होतो. आणि या मंडळींचे यश सगळ्यात जास्त गाजले ते द्राक्षांत, म्हणजे बाजाराच्या पिकात. तरी एक माणूस शहाणा झाला अशी गोष्ट सांगण्याऐवजी पन्नास जणांनी काय मोजले ते सांगणे, हा बदल फार मोठा आहे.

काका पोस्टकार्डे पाठवत नाहीत, पण त्यांची एक वही आहे. दोनशे पानी, किराणा दुकानाच्या जाहिरातीची, १९९८पासूनची. तिच्यात विशेषणे नाहीत. भाजावळ कधी केली ती तारीख, कवळाचे किती भारे, कुणाच्या वरकसातून, कोण आले होते, दुपारी जेवायला काय दिले, त्या बदल्यात आपण कुणाकडे लावणीला किती दिवस गेलो. बियाणे बदलले तर कुणाच्या घरून आणले. शुकनदीचे पाणी कुठल्या कुणग्यापर्यंत आले. २००५नंतर भाऱ्यांची संख्या उतरत जाते आणि माणसांची नावे कमी कमी होतात, २०१४ला बैलांची नोंद थांबून पॉवर टिलरच्या भाड्याची सुरू होते, आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अचानक पानभर नावे येतात, कारण मुंबईची सगळी माणसे घरी होती. गोठ्यात बैल आजही आहेत, नांगराला मात्र जुंपले जात नाहीत. तेही वहीत लिहिलेले नाही, फक्त टिलरचे भाडे वाचून कळते.

एकोणीसांपैकी जे हयात आहेत त्यांना मी या वहीची स्कॅन केलेली पाने व्हॉट्सॲपवर पाठवली आहेत, काजूचा निर्णय व्हायच्या आधी. सात जणांनी निळ्या खुणा दाखवल्या. बडोद्याच्या आत्याने फोन करून विचारले, २००३च्या पानावर कवळ वाहणाऱ्यांत तिचे नाव का नाही, ती तर महिनाभर माहेरी होती. काकांनी पेन घेऊन ते लिहिले.